नागिणीचे बाळंतपण

श्रावणातील कहाण्यांत नागपंचमीची एक कहाणी आहे. माहेर नसलेल्या एका धाकट्या सुनेस शेषनाग ब्राह्मणाच्या रूपाने न्यावयास येतो. हाच आपला मामा, असे ती सासरी सांगते आणि त्याच्याबरोबर वारुळात राहावयास जाते. पुढे तेथली नागीण बाळंत होऊ लागते, तेव्हा हातात दिवा धरून उभे राहण्याचे काम ह्या मुलीकडे येते. पिले वळवळू लागताच ती भिते, हातातला दिवा खाली पडतो आणि पिलांची शेपटे भाजतात. कहाणीचा शेवट अर्थातच गोड आहे. परंतु मधला हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. मुलगी दुष्ट नव्हती. ती मदतीसच उभी होती. तरीही नेमक्या वेळी तिचा हात कापला आणि इजा झाली ती नवजात पिलांना.

ही कहाणी आज आठवावी असे एक ठिकाण म्हणजे मुळशी तालुक्यातील माण हे गाव. हिंजवडीस लागून असलेल्या ह्या गावाच्या शिवारात माहिती तंत्रज्ञान नगरीचा तिसरा टप्पा वसला. पुणे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे एक टोक आणि तिच्या गाड्यांची कारशेड ह्याच गावी आहे. जेथे बांध, खाचरे आणि उंदरांची बिळे होती, तेथे पाया खणण्याची यंत्रे आली. खोदाईचा जोर असतो तो पावसापूर्वी, उन्हाळ्यात. आणि पुष्कळ सर्पजातींच्या माद्या अंड्यांवर येतात तो काळही हाच. बीळ मोडले की पोटात अंडी असलेली मादी विटांच्या ढिगात, पंपाच्या खोलीत, वाहनतळाच्या कोपऱ्यात आसरा शोधते. तिला पाहताच पूर्वी एकच विचार माणसाच्या मनात येत असे, तो काठीचा. अलीकडे दुसराही एक येऊ लागला आहे: बिचारी गाभण आहे, काचेच्या पेटीत ठेवून तिचे बाळंतपण आपणच करावे. पहिला विचार क्रूर आहे हे सांगावयास नको. दुसरा दयेचा आहे; म्हणूनच त्याची नीट पारख व्हावयास हवी.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. कहाणीतील नागीण पिलांस जन्म देते. प्रत्यक्षातील नागीण अंडी घालते. नाग, धामण, मण्यार, तस्कर, विरोळा आणि अजगर हे सर्व अंडज होत. घोणस, फुरसे आणि मांडूळ ह्यांची पिले मात्र आईच्या पोटातच वाढून बाहेर येतात. नागीण बहुधा १२ ते ३० अंडी घालते. घोणशीस एका वेळी २० ते ४० पिले सहज होतात. ह्या विषयीच्या जुन्या नोंदी मिळाल्या त्या बहुतांशी मेलेल्या माद्यांपासून. कर्नल फ्रँक वॉल ह्यांनी १९०५ पासून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात भारतीय सापांवर जी प्रसिद्ध लेखमाला लिहिली, तीतील अंड्यांचे कित्येक आकडे मारून आणलेले साप चिरून मोजलेले होते. जिवंत मादीची शुश्रूषा हे शास्त्र त्या मानाने पुष्कळ अलीकडचे आहे.

मादी अंड्यांवर आली हे ओळखावे कसे? भक्ष्य गिळलेल्या सापाच्या शरीरावर पोटाच्या जागी एक फुगवटा दिसतो आणि तो काही दिवसांत जिरून जातो. गाभण मादीचे शरीर मध्यापासून शेपटीच्या बाजूपर्यंत भरत जाते व तसेच राहते. खवले एकमेकांपासून दूर सरून मधली कातडी दिसू लागते. ती खाणे कमी करते किंवा सोडून देते. उबेची ओढ वाढते आणि ती अधिक वेळ उष्ण जागी पडून राहते. पुष्कळ जातींत अंडी घालण्यापूर्वी मादी एकदा कात टाकते. ही कात म्हणजे दिवस मोजण्याची खूणच होय. अमेरिकेतील कॉर्न स्नेक ह्या पाळीव सापात त्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांनी अंडी येतात, तर आफ्रिकेतील बॉल पायथन ह्या लहान अजगरात सुमारे चार आठवडे लागतात.

येथून पुढे शुश्रूषेचा प्रश्न येतो. परदेशी जातीचा साप ज्यांनी रीतसर पाळला आहे त्यांस, आणि जखमी मादीवर उपचार करणाऱ्या केंद्रांसही, मुख्यतः तीन गोष्टी सांभाळावयाच्या असतात: ऊब, ओल आणि एकांत. साप आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही. ती तो बाहेरून घेतो. पोटातील अंड्यांची वाढ त्या उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवावी लागते. बॉल पायथनसाठी उबदार बाजूस ३१ ते ३२ अंश सेल्सिअस व थंड बाजूस २५ ते २७ अंश असे तापमान ठेवतात. केव्हा कोठे पडावे हे मादीला समजते. सर्व पेटी एकसारखी तापविली तर तिची ही निवडच हिरावली जाते.

दुसरी गोष्ट ओल. सापाच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते. ते चामड्यासारखे मऊ असून आसपासच्या ओलीतून पाणी शोषते आणि कोरड्या जागी सुरकुतते. म्हणून मादी दमट जागेच्या शोधात असते. तिच्यासाठी एक झाकणाची पेटी, आत शिरण्यापुरते भोक ठेवून, ओलसर शेवाळ घालून ठेवतात. शेवाळ मुठीत दाबले असता पाणी ठिबकू नये इतकीच ओल हवी. पिण्यास स्वच्छ पाणी नेहमी असावे. दूध हे सापाचे अन्न नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप कोणतेही पातळ पदार्थ तोंडास लावील, परंतु त्याने त्याचे पोषण होत नाही. तिने भक्ष्य नाकारले तर आग्रह करू नये. घेतलेच तर ते लहान असावे, कारण अंड्यांनी भरलेल्या पोटात मोठ्या भक्ष्यास जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट एकांत, आणि हीच पाळणाऱ्यास सर्वांत जड जाते. मादीला वारंवार उचलून पोट चाचपणे, पाहुण्यांस दाखविणे, पेटी उघडून अंडी आली का ते पाहणे, ह्या सर्वांचा तिला त्रास होतो. मनाजोगी जागा न मिळालेली, तहानलेली, अशक्त किंवा सतत भेदरलेली मादी अंडी अडवून धरते. काही अंडी घातली आणि उरलेली आतच राहिली, ती कुंथत आहे पण बाहेर काही येत नाही, शरीर ढिले पडले आहे, अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. ह्या प्रसंगी घरगुती उपाय म्हणून पोट दाबून अंडे पुढे सारण्याचा मोह होतो. तो प्राणघातक ठरू शकतो, कारण आतील नाजूक नलिका फाटते. वैद्य सोनोग्राफीने अडकलेली अंडी पाहू शकतो आणि औषध द्यावे की शस्त्रक्रिया करावी हे ठरवितो.

अंडी आल्यावरही माणसाचे शहाणपण आड येते. कोंबडी आपली अंडी अधूनमधून उलटते, हे घरोघरी ठाऊक असते. म्हणून सापाचीही उलटावीत असे वाटते. येथे नियम उलटा आहे. सापाच्या अंड्यातील गर्भ कवचाच्या आतील बाजूस वरच्या अंगी चिकटतो. त्यानंतर अंडे फिरविले तर तो गुदमरून मरतो. अंडी हलवावीच लागली तर जाणकार वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करतात आणि तीच बाजू वर राहील असे पाहतात. एकमेकांस चिकटलेली अंडी सोडवीत नाहीत. योग्य ऊब मिळाली तर नागाची अंडी सुमारे दोन महिन्यांत फुटतात. पिलाच्या मुखाग्री एक इवलासा दात असतो. त्याने ते कवच चिरते. नागाचे पिलू जन्मापासूनच विषारी असते, हेही विसरता कामा नये.

आई म्हणून सर्पिणीची ख्याती फारशी नाही, आणि बहुतेक जाती अंडी घालून निघून जातात हे खरे आहे. परंतु नागीण बहुधा अंड्यांच्या जवळ राहते. अजगराची मादी त्याहून पुढे जाते. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि थंडी पडल्यास स्नायू थरथरवून स्वतःच ऊब उत्पन्न करते. हिंदुस्थानातील अजगर अंडी उबवितो, असे लामार-पिको ह्या फ्रेंच प्रवाशाने १८३२ साली सांगितले तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते मानले नाही. १८४१ साली तेथीलच संग्रहालयात एक मादी अंड्यांवर बसली. वालँसिएन ह्या शास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यातील उष्णता मोजली, ती भोवतालच्या हवेहून अधिक भरली. पुढे १९६६ साली न्यूयॉर्क येथील प्रयोगांत ह्या थरथरीचा नीट उलगडा झाला. काचेच्या पेटीतील तापयंत्र जे काम करते, ते ही माता आपल्या देहाने करीत असते.

मग माणच्या वाहनतळात सापडलेल्या धामणीस किंवा नागिणीस घरी ठेवून हे सर्व सोपस्कार करावेत काय? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील रानटी साप पाळण्यास मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, धामण, घोणस व अजगर हे पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या बाबतीतील गुन्ह्यास किमान तीन वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. विशेष म्हणजे ह्या कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नासणे आणि त्यांची अंडी वा घरटी विसकटणे ह्यांचाही समावेश होतो. बॉल पायथनसारखे परदेशी, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील प्राणी बाळगणाऱ्यांसही २०२४ च्या नियमांनी नोंदणी आवश्यक केली असून त्यांच्या पिलांची नोंदही करावी लागते.

कायद्याचे हे उत्तर निसर्गाच्या उत्तराशी जुळते. ऊब, ओल आणि एकांत ह्या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचे ठिकाण म्हणजे उंदराचे जुने बीळ किंवा वाळवीने सोडलेले वारूळ. काचेची पेटी ही त्या बिळाची नक्कल आहे, आणि मोठ्या कष्टाने साधलेली नक्कलही अस्सलाच्या जवळपासच पोहोचते. शिवाय रानातील मादीस माणसाचा सहवास हाच मोठा ताप असतो. तेव्हा तिची खरी शुश्रूषा म्हणजे तिला शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितक्या कमी हाताळणीने मोकळे करणे. साप दिसताच मुलांस व कुत्र्यांस दूर घ्यावे, लांबून नजर ठेवावी, आणि वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर किंवा खात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्रास कळवावे. मादी भरलेली दिसत असेल तर ते आवर्जून सांगावे, म्हणजे तिला पिशवीत तासन् तास ठेवले जाणार नाही आणि सापडल्या जागेपासून फार दूरही नेले जाणार नाही. ओळखीची बिळे सुटली की परक्या जागी तिला पुन्हा सर्व शोधावे लागते, आणि तिच्यापाशी दिवस थोडे असतात.

खोदाईत अंडीच उघडी पडली तर ती उचलून घरी नेऊ नयेत. शक्य असल्यास काम थोडे बाजूस वळवावे, अंड्यांवर सावली धरावी आणि जाणकार येईपर्यंत त्यांस हात लावू नये. १९८६ साली निघालेल्या कात्रजच्या सर्पोद्यानाने पुण्याच्या लोकांस साप पाहावयास शिकविले. आता माणसारख्या वाढत्या गावांनी त्याच्या शेजारी राहावयास शिकण्याची वेळ आली आहे. इमारतीच्या आवारात एखादा कोपरा न लिंपता, न खणता तसाच राहू द्यावा. नागपंचमीस खणू नये, नांगरू नये असा जो दंडक घराघरांत पाळला जात असे, तो पिले बाहेर पडण्याच्या सुमारासच येतो. एक दिवस पाळावयाचा तो नेम वैशाखापासून श्रावणापर्यंत त्या एका कोपऱ्यापुरता पाळणे कोणत्याही आवारास अशक्य नाही.

कहाणीतील मुलीचा दिवा भीतीने पडला. आजच्या माणसास भीती कमी वाटते. उलट पिले जवळून पाहण्याची हौसच अधिक. पिलांच्या शेपटांस मात्र दोन्हींचा चटका सारखाच बसतो. दिवा धरावयाचाच असेल तर तो वारुळापासून चार पावले लांब धरावा.