मोटारीला झिलई देताना

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे घासण्यापुसण्याचा आठवडा. माळ्यावरचे डबे खाली येतात, समया नि निरांजने चिंचेने उजळतात, दारांना रंगाचा हात बसतो. या यादीत आता मोटारीचीही भर पडली आहे. दसऱ्याला झेंडूची माळ घालून पुजलेली गाडी पाडव्याला नव्यासारखी दिसावी, असे कोणत्या घराला वाटत नाही? आणि पॉलिशचे विजेवरचे यंत्र घरपोच मिळू लागल्यापासून हे काम आपणच का करू नये, असा उत्साह तरुण मंडळींना चढू लागला आहे. उत्साह चांगलाच, पण यंत्राचे बटण दाबण्याआधी एक गोष्ट नीट उमगलेली बरी.

मराठीच्या मास्तराने यंत्राच्या गोष्टी सांगाव्यात, याचे कोणाला नवल वाटेल. पण घोटाळ्याचे मूळ शब्दातच आहे. पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तेव्हा त्यावर कथलाचा थर चढतो. भांडे चकाकते ते वर काही चढले म्हणून. गाडीचे पॉलिशही तसेच, वरून काहीतरी फासण्याचे, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. यंत्राच्या पॉलिशने गाडीवर काही चढत नाही. गाडीवरचे थोडे निघून जाते. सहाणेवर चंदनाचे खोड उगाळावे, तसा हा प्रकार. प्रत्येक वळशाला खोड झिजतेच.

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला पारदर्शक थर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनांचा. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाहूनही पातळ अशा या पडद्यावर गाडीची सारी शोभा अवलंबून. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवतो तोही हाच. भरड कंपाउंडाने एका वेळी तीन-चार मायक्रॉन जाऊ शकतात, हलक्या पॉलिशने एखादा किंवा त्याहूनही कमी. हिशेब ज्याचा त्याने करावा.

पूर्वी हा हिशेब डोळ्यांना दिसत असे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट मोटारी निघू लागल्या, तेव्हाच्या साध्या रंगावर पारदर्शक थर नसे. गाडी घासली की हातातले कापडच निळे किंवा हिरवे होई आणि काय गेले ते मालकाला कळे. आज शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला, महागणपतीच्या शेजारी, फियाट आणि टाटा यांचा सामाईक कारखाना आहे. २०१७ पासून जीप कंपास तिथेच तयार होते. अशा आधुनिक गाड्यांचा वरचा थर बिनरंगाचा. कापड पांढरेच्या पांढरे राहते, आणि झिजले किती ते कळत नाही. नवशिक्याला खरा धोका आहे तो इथे.

आता पॉलिशची गरज का पडते ते पाहू. घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड यांच्यामधला टापू उसाचा. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांचा धूर आणि काजळी. रांजणगाव, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या मालमोटारींची धूळ. ही धूळ कोरड्या फडक्याने पुसली की तिचा प्रत्येक कण सुईसारखा ओरखडा काढतो. बोअरचे जड पाणी अंगावरच वाळू दिले की क्षारांची पांढरी वर्तुळे उमटतात. उन्हात गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते, ती बहुधा आपल्याच फडक्याची करणी असते. पॉलिश म्हणजे हे बारीक ओरखडे ज्या खोलीपर्यंत गेले, तिथवर भोवतालचा थर खाली आणणे.

यंत्रे दोन जातींची. गॅरेजात ‘रबिंग’साठी वापरतात ते बफिंग मशीन एकाच अक्षाभोवती गरगर फिरते. ते झपाट्याने कापते, पण एका जागी रेंगाळले तर रंग तापतो, आणि कडेवर टेकले तर पाहता पाहता खालचा प्रायमर डोळे वटारतो. दुसरे यंत्र फिरता फिरता डुलतेही. त्यावर जास्त जोर दिला की त्याचे फिरणेच थांबते. नवशिक्याने हेच घ्यावे. आपले अज्ञान ओळखून थांबणारे यंत्र मिळणे हे भाग्यच!

कामाची रीत अशी. गाडी सावलीत, पत्रा थंड. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग शांपूने धुऊन मऊ मायक्रोफायबरने टिपावी. हाताला खरखर लागली तर डिटेलिंगची क्ले ओल्या पृष्ठभागावर हलकेच फिरवावी. रबर, प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या कडांना मास्किंग टेप लावावी. बोटातली अंगठी, हातातले कडे काढून ठेवावे आणि वायर खांद्यावरून मागे टाकावी.

पहिला प्रयोग बॉनेटच्या दीड फूट चौकोनावरच. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन. वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरेत. पॅड टेकवल्यावरच यंत्र सुरू करावे. कमी वेगावर पॉलिश पसरावे, मग मध्यम वेगावर सेकंदाला इंचभर अशा चालीने, आधी आडवे नि मग उभे, तीन-चार हात द्यावेत. पुसून विजेरीच्या उजेडात पाहावे. एवढ्याने भागले तर उरलेल्या गाडीलाही तेच. नाही भागले तरच एक पायरी वर चढावे. पॅड मधून मधून ब्रशने साफ करावा. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने उष्णता साठवून ठेवतो, आणि गॅरेजात पुन्हा रंगवलेला भाग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या रंगाइतका कठीण नसतो. तिथे हात अधिकच हलका.

शिरूरच्या एका गॅरेजात ऐकलेला संवाद इथे सांगितलाच पाहिजे. शिकाऊ पोरगा म्हणत होता, “उस्ताद, दारावर एक ओरखडा राहिलाय. मारू का अजून एक हात?”

“नख फिरव. अडकतंय का?”

“अडकतंय.”

“मग राहू दे त्याला. त्याच्यामागं लागलास तर ओरखडा जाईल, पण रंगबी जाईल त्याच्यासंगं. मालकाला काय दाखवशील मग?”

कोणत्याही पुस्तकाने याहून नेमका धडा दिला नसता. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा असतो. हप्ते फेडून घेतलेल्या गाडीचा एखादा भाग पुन्हा रंगवायचा तर काही हजारांचा फटका बसतो, आणि गाडी विकताना जाणता गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचे यंत्र खिशातून काढतोच. पारदर्शक थर फारच विरला, तर वर्षा-दोन वर्षांत उन्हाने पांढरा पडून पापुद्र्यासारखा सुटू लागतो. मग त्याला पॉलिशचा उपाय नाही.

शेवटी मेणाचा हात द्यावा. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून कार्नोबा नावाचे मेण निघते, त्याचा लेप चांगला. गाडीवर खरोखर चढते ते हेच, आणि ते वरचेवर चढवायला हरकत नाही. कंपाउंड मात्र वर्षानुवर्षे कपाटात राहिले तर उत्तम! गाडी नीट धुतली, कोरडे फडके दूर ठेवले, तर त्याची आठवणही होऊ नये.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंगणातल्या पणत्यांची ओळ बॉनेटमध्ये स्वच्छ दिसू लागली की समजावे, काम झाले. एखादी रेघ राहिली असेल, तर राहू द्यावी. तिच्याखाली रंग शाबूत आहे.