एका नोकरीवर चार विद्यार्थी

महिन्याचे कामाचे दिवस २०, नोकरी १, विद्यार्थी ४. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कामाचे ५ दिवस आणि अभ्यासाचे १५. शिकागोच्या पिल्सन भागातल्या क्रिस्तो रे जेझुइट हायस्कूलचा सारा कारभार या भागाकारावर उभा आहे. १९९६ साली सुरू झालेल्या या कॅथलिक शाळेत नववी ते बारावीचा प्रत्येक विद्यार्थी महिन्यातून ५ दिवस वकिलांच्या कचेरीत, बँकेत किंवा रुग्णालयात काम करतो. त्या कामाचे पैसे त्याच्या शिक्षणाच्या खर्चापोटी शाळेकडे जमा होतात.

वेळापत्रक साधे आहे. चौघांपैकी एक मंगळवारी, दुसरा बुधवारी, तिसरा गुरुवारी, चौथा शुक्रवारी जातो. सोमवार आळीपाळीने. कंपनीला आठवड्याचे पाचही दिवस माणूस मिळतो, आणि मुलाचा आठवड्यातून एकच दिवस जातो, फक्त दर चौथ्या आठवड्यात दोन. कामे नवख्या कारकुनाची असतात: कागद लावणे, स्कॅन करणे, टपाल वाटणे, नोंदी भरणे.

मुलांना असे कामावर पाठवण्याची वेळ का आली, हे समजायला तीस वर्षे आणखी मागे जावे लागते. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत जवळपास १३,००० कॅथलिक शाळा होत्या आणि त्यांत ५२ लाखांवर मुले शिकत होती. आज शाळा ६,०००च्या आत आणि विद्यार्थी १७ लाखांच्या आसपास. श्रद्धा कमी झाली, वस्त्या बदलल्या, ही कारणे आहेतच. पण हिशोबाच्या वहीतले कारण मला जास्त पटते. १९६०च्या सुमारास या शाळांतले चारांपैकी तीन शिक्षक धर्मसंघांतले होते, बहुतेक नन्स. त्यांना पगार जवळजवळ नव्हताच. १९६५ साली अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार नन्स होत्या, आज ४० हजारही नाहीत. वर्गात पगारी शिक्षक आले आणि आता त्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक आहे. पगार आला तशी फी वाढली, आणि फी वाढली तसा कामगारांचा मुलगा बाहेर पडला.

ही शाळा चालवणाऱ्या जेझुइट या धर्मसंघाला हे विशेष लागण्यासारखे होते. मुंबईचे सेंट झेवियर्स (१८६९) आणि पुण्याचे सेंट व्हिन्सेंट (१८६७) ज्या संघाने काढले, तोच हा संघ. १५४८ साली सिसिलीत मेसिना इथे त्यांनी पहिले विद्यालय उघडले तेव्हा शिक्षण विनाशुल्क होते. खर्च दात्यांच्या देणग्यांतून भागे. अमेरिकेतल्या जेझुइटांना फी घेण्याची मुभा रोमकडून मिळाली ती १८३३ साली. त्याच शिकागोत त्यांच्या जुन्या, नावाजलेल्या सेंट इग्नेशियस शाळेची वर्षाची फी आज २० हजार डॉलरच्या वर आहे. पिल्सनमध्ये राहत होती ती मेक्सिकोहून आलेली कष्टकरी कुटुंबे. त्यांनी अशी फी कुठून आणायची?

पेरूमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ घालवलेले फादर जॉन फोली यांच्याकडे या शाळेची जबाबदारी आली, आणि पैशाचा मार्ग शोधायला नेमलेले सल्लागार रिचर्ड मरे यांनी नोकरीची कल्पना मांडली. खर्चाचा साधारण निम्मा भाग अशा नोकऱ्यांतून निघतो. उरलेला कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे फीतून आणि देणग्यांतून. आपल्याला इथे कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ आठवणारच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण फी भरू न शकणाऱ्या मुलाला वर्गात बसवायचे तर त्याच्या श्रमाला किंमत मिळवून द्यायची, हा विचार तोच.

चौदा वर्षांच्या मुलाने शाळेच्या वेळेत काम करायचे, ही गोष्ट कायद्यालाही अवघड गेली. अखेर २०१० साली अमेरिकेच्या कामगार खात्याने १४ आणि १५ वर्षांच्या मुलांसाठी, कॉलेजच्या तयारीला जोडलेल्या अशा योजनांपुरती वेगळी तरतूद केली: दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, आठवड्याला १८. दोन दिवस काम पडलेल्या आठवड्याचे १६ तास त्यात बरोबर बसतात.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा. महिन्याला ५ दिवस, शाळेचे ९ महिने: वर्षाला ४५ दिवस. चार वर्षांचे झाले १८०. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शाळेचे एक संपूर्ण वर्षच १८० दिवसांचे असते. म्हणजे चार वर्षांच्या हायस्कूलपैकी एक अख्खे वर्ष मूल कचेरीत असते. वर्गासाठी उरतात ते ७५ टक्के दिवस. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेला बसायला जी किमान हजेरी लागते, तेवढी इथे कमाल.

अभ्यासक्रम मात्र कमी केलेला नाही. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, धर्मशिक्षण हे सगळे आहे, रोख सरळ कॉलेजप्रवेशावर, आणि शिकागोच्या शाळेने स्पॅनिश व इंग्रजी दोन्ही भाषा पहिल्यापासून धरल्या. गेलेले दिवस भरून काढायला शाळेचा दिवस लांबवला जातो, वर्षही. नववीच्या आधीच्या उन्हाळ्यात कचेरीत वागायचे कसे, फोनवर बोलायचे कसे, याचे वेगळे प्रशिक्षण असते. बाप बांधकामावर आणि आई सफाईच्या कामावर जाणाऱ्या मुलाने वकिलाला जवळून पाहणे, वकिलाने त्याला नावाने हाक मारणे, याचे मोल कोणत्याही गुणपत्रिकेत उतरत नाही. त्याचबरोबर सेंट इग्नेशियसच्या मुलाला हे १८० दिवस द्यावे लागत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

नमुना पसरला. आज देशभरात अशा सुमारे ४० शाळा आहेत. पण ४०० विद्यार्थ्यांची शाळा म्हणजे १०० नोकऱ्या, दरवर्षी, न चुकता. म्हणूनच नवी शाळा काढण्याआधी त्या शहरात पुरेशा कंपन्या तयार आहेत का, याची पाहणी करावी लागते. ओमाहा शहरातली शाळा २००७ साली सुरू होऊन २०११ मध्ये बंद पडली.

कॉलेजप्रवेशाचे आकडे या शाळा अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे. तरी ते आकडे जपून वाचावेत: नोकरी टिकवू न शकणारे मूल या शाळेत टिकत नाही, आणि चौदाव्या वर्षी मुलाला कामावर पाठवायला तयार झालेले कुटुंब आधीच वेगळे असते. ही योजना कुठे उचलायची असेल तर बारावीनंतर किती जण कॉलेजात गेले, यापेक्षा नववीत आलेल्या १०० मुलांपैकी किती जण बारावीपर्यंत पोचले, हे आधी विचारा.