विजेची धूळपाटी

'धुळाक्षरं गिरवणं' हा शब्दप्रयोग आपण आता कुठल्याही नव्या शिक्षणाच्या सुरुवातीसाठी वापरतो. पण एके काळी ती खरोखरच धुळीची अक्षरं होती. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने तिच्यात श्रीगणेशा काढायचा, तो पाहून झाला की पाटी हलवायची. अक्षर गेलं, धूळ तीच राहिली, पुढचं अक्षर लिहायला पाटी मोकळी. आपल्याकडे अंकगणिताला पाटीगणित हे नाव मिळालं ते या पाटीवरूनच. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचं नावच ते आहे.

नॉर्वेतल्या ओस्लोच्या 'रिमार्केबल' या कंपनीने ४ सप्टेंबर २०२४ रोजी 'पेपर प्रो' नावाचा नवा टॅबलेट जाहीर केला. त्याची माहिती वाचताना मला ही धूळपाटी सारखी आठवत राहिली, आणि ही आठवण नुसत्या उपमेपुरती नाही. या यंत्राच्या काचेखाली खरोखरच धूळ आहे. रंगीत, डोळ्याला सुटी न दिसणारी, द्रवात तरंगणारी धूळ. वीज तिला वरखाली हलवते आणि अक्षर उमटतं. म्हणून मी पुढे या यंत्राला पाटीच म्हणणार आहे.

पाटीची मापं आधी सांगतो. पडदा ११.८ इंचांचा, जाडी ५.१ मिलिमीटर, वजन साधारण सव्वापाचशे ग्रॅम. पडद्यावर आडवे-उभे मिळून २१६० गुणिले १६२० म्हणजे जवळजवळ ३५ लाख ठिपके. एका मिलिमीटरच्या लांबीत नऊ बसतात. २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा किंमत पेनसह ५७९ डॉलर होती, तेव्हाच्या दराने सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजार रुपये. एवढ्या पैशांत चित्रपट दाखवणारा, खेळ खेळवणारा, व्हिडिओ कॉल करणारा चांगला टॅबलेट येतो. ही पाटी त्यातलं काहीही करत नाही. मग तिच्यात आहे काय, हे समजायला आधी धुळीकडे जावं लागतं.

नेहमीच्या टॅबलेटचा पडदा हा एक दिवा असतो. मागून किंवा आतून प्रकाश निघतो आणि थेट आपल्या डोळ्यांत येतो. भर दुपारी अंगणात तो पडदा धरला की सूर्यापुढे त्या दिव्याचं काही चालत नाही. छापील कागदाचं उलट असतं. त्याच्याकडे स्वतःचा प्रकाश नसतो, येणारा प्रकाश तो परतवतो. म्हणून ऊन जितकं लख्ख तितका कागद उजळ. या पाटीचा पडदा कागदाच्या बाजूचा आहे.

याचं मूळ १८०७ सालच्या मॉस्कोत सापडतं. व्होल्टाने विजेची पहिली बॅटरी तयार केली त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. फर्डिनांड रॉइस नावाचा रसायनशास्त्रज्ञ अशा बॅटरीच्या मदतीने पाणी आणि चिकणमाती यांवर प्रयोग करत होता. त्याला दिसलं की पाण्यात वीज सोडली की मातीचे कण शिस्तीत धन टोकाच्या दिशेने सरकू लागतात. कणांवर ऋण प्रभार असतो, आणि ऋण धनाकडे ओढलं जातं. इतकी साधी गोष्ट. पण विजेला धूळ हलवता येते, हे माणसाला त्या दिवशी कळलं.

हलणाऱ्या धुळीतून चित्र काढायची कल्पना १९७० च्या सुमारास जपानमध्ये मात्सुशिता कंपनीतल्या इसाओ ओता यांनी मांडली. अडचण लगेच समोर आली. मोकळ्या द्रवात सोडलेले कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, तळाशी बसतात. ही अडचण सोडवायला पाव शतक गेलं. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, बॅरेट कोमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट, यांनी धुळीला मोकळं सोडायचंच नाही असं ठरवलं. हे दोघे तेव्हा पदवीचं शिक्षण घेत होते! त्यांनी केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या बनवल्या. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव, त्यात धन प्रभाराचे पांढरे कण आणि ऋण प्रभाराचे काळे कण. आता कण गोळा होऊन होऊन कुठे जाणार, कुपीच्या भिंतीपर्यंतच. १९९७ मध्ये त्यांनी 'ई इंक' ही कंपनी काढली. २००४ मध्ये सोनीचा 'लिब्री' जपानात आला, २००७ मध्ये ॲमेझॉनचा किंडल आला, आणि ही धूळ लाखो वाचकांच्या हातांत गेली.

कुपीच्या खालच्या पट्टीला ऋण प्रभार दिला की काळे कण वर ढकलले जातात, ठिपका काळा होतो. धन दिला की पांढरे वर येतात. मला यात सर्वांत थक्क करतं ते याच्या नंतरचं. वीज काढून घेतली तरी कण जिथे पोचले तिथेच राहतात. पान दाखवून ठेवायला वीज लागतच नाही, वीज लागते ती पान बदलायला. नेहमीचा टॅबलेट तुम्ही एकाच पानावर अर्धा तास विचार करत बसलात तरी त्या अर्ध्या तासाची वीज जाळत असतो. इथे तुम्ही विचार करत असता तेव्हा पडदा अक्षरशः काही करत नाही. पेपर प्रोची बॅटरी दोन आठवड्यांपर्यंत पुरते असा कंपनीचा दावा आहे, त्याचं मुख्य कारण हे.

काळं-पांढरं इथवर सुटलं होतं. रंग मात्र छळत राहिला. सोपा मार्ग होता तो काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या चौकटींची बारीक जाळी बसवायचा. रंगीत ई-वाचकांपैकी बरेच याच मार्गाने जातात. पण जाळी प्रकाश गिळते, त्यामुळे पान काळवंडतं, आणि रंगीत चित्राची सुबकताही घटते.

पेपर प्रोचा पडदा ई इंकच्या 'गॅलरी ३' या तंत्रावर उभा आहे. त्यात जाळी नाही, धूळच रंगीत आहे. प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात चार जातींचे कण असतात: पिवळे, मॅजेंटा, छपाईवाले ज्याला सायन म्हणतात ते आकाशी, आणि पांढरे. छापखान्यात ज्याने काम केलंय त्याला पहिले तीन लगेच ओळखू येतील. छपाईत पांढरा रंग वेगळा लागत नाही, तो कागद पुरवतो. इथे कागद नाही, म्हणून पांढरी धूळ हाच कागद. पांढऱ्या कणांवरून प्रकाश परततो. रंगीत कण अर्धपारदर्शक असतात. वरून आत जाणारा प्रकाश त्यांच्यातून जातो, खाली पांढऱ्या थरावर आपटतो, पुन्हा त्यांच्यातून वर येतो. पांढऱ्याच्या वर फक्त पिवळे असले तर ठिपका पिवळा दिसतो. पिवळे आणि आकाशी दोन्ही वर आले तर हिरवा. तिन्ही वर, पांढरे खाली, म्हणजे काळा.

पण एकाच कप्प्यातल्या चार जातींना वेगवेगळे हुकूम द्यायचे कसे? वीज तर सगळ्यांना एकच लागू होणार. उत्तर असं की या जाती सारख्या हलत नाहीत. कुणाचा प्रभार धन, कुणाचा ऋण; कुणी थोड्या दाबात निघतो, कुणाला जोराचा धक्का लागतो. म्हणून पडदा विजेचा एकच झटका देत नाही, झटक्यांची मालिका देतो. कमी-जास्त, उलट-सुलट, मोजून मापून. प्रत्येक रंगासाठी मालिका वेगळी. भरलेल्या सुपातून तांदूळ, कोंडा आणि खडे वेगळे करताना आजी जसे वेगवेगळे झटके देते, तसंच हे पाखडणं आहे, फक्त ३५ लाख सुपांत एकाच वेळी. आणि तापमान बदललं की द्रव दाट-पातळ होतो, त्यामुळे झटक्यांचं मापही बदलावं लागतं. माणसाने एवढ्या बारीक धुळीला एवढी शिस्त लावली, यावर माझा अजून पुरता विश्वास बसत नाही.

या पाटीचे दोषही इथूनच निघतात. पाखडायला वेळ लागतो. गॅलरी ३ ला काळं-पांढरं पान बदलायला सुमारे ३५० मिलिसेकंद लागतात, आणि रंग उत्तम हवे असतील तर दीड सेकंदापर्यंत. सेकंदाला चोवीस चित्रं मागणारा चित्रपट इथे कधीच दिसणार नाही. रंगीत पान बदलताना पडदा लुकलुकतो, कारण आधीची धूळ झटकून जागेवर आणावी लागते. ती नीट झटकली गेली नाही तर मागच्या पानाची पुसट सावली राहते, ओल्या फडक्याने पुसलेल्या दगडी पाटीवर राहायची तशी. काळा हा तीन रंगांच्या मिश्रणाचा असल्याने आणि पांढरा धुळीचा असल्याने, पान छापील कागदापेक्षा करडं वाटतं. रंग वर्तमानपत्राच्या पुरवणीसारखे सौम्य आहेत, मिठाईच्या डब्यासारखे झगमगीत नाहीत. रात्रीसाठी कंपनीने पहिल्यांदाच पडद्याच्या कडेतून पानावर पसरणारा प्रकाश दिला आहे. आधीच्या दोन पाट्यांत तो नव्हताच. मात्र तो मंद आहे.

लिहिण्यात या पाटीचं खरं कौशल्य दिसतं. पेनाचं टोक टेकल्यापासून रेघ उमटू लागेपर्यंत १२ मिलिसेकंद, असं कंपनी सांगते. आधीच्या पाटीला २१ लागत. धूळ इतकी संथ, मग हे जमतं कसं? लिहिताना सगळं पान हलवलं जात नाही, टोकाखालचे ठिपकेच तेवढे हलतात, आणि तेही आधी घाईघाईने. रंगीत पेन घेतलं तर आधी कच्च्या रंगात रेघ येते, मग तेवढाच भाग लुकलुकतो आणि खरा रंग बसतो. टोक आणि धूळ यांच्यातलं अंतर एक मिलिमीटरहून कमी ठेवलं आहे, म्हणून रेघ काचेखाली खोल कुठेतरी न दिसता टोकाशीच दिसते. काच खरखरीत केली आहे, तिच्यावर पेन कागदावरच्यासारखं अडत अडत चालतं. त्याची किंमत म्हणजे टोकं झिजतात आणि बदलावी लागतात. पेनात आता बॅटरी आहे. ते पाटीच्या कडेला चुंबकाने चिकटून चार्ज होतं, आणि जुन्या पाटीचं पेन या पाटीवर चालत नाही. जुन्या ग्राहकांना हे बोचणारच.

तिच्यावर ॲप टाकता येत नाहीत, ब्राउझर नाही, संदेशांची टिंगटिंग नाही. याला कुणी उणेपणा म्हणेल, आणि एकच यंत्र परवडणाऱ्या घरात तो उणेपणाच आहे. माझं मत वेगळं आहे. दीडशे पानांचा अहवाल किंवा प्रबंध वाचून समासात टिपणं करायची असतील, तर ज्यावर दुसरं काहीच करता येत नाही असं यंत्र ही मोठी चैन आहे. दार लावून घेतलेली खोली मिळावी, तसं हे आहे.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र ती हात आखडून वागते. पीडीएफ आणि ईपब उघडते, पण कुलूप लावून विकलेली पुस्तकं उघडत नाहीत, म्हणजे किंडलवर घेतलेला तुमचा संग्रह इथे निरुपयोगी. शिवाय सगळ्या टिपणांची क्लाउडवर अमर्याद साठवण हवी असेल तर वेगळी वर्गणी आहे; पाटी जाहीर झाली तेव्हा ती महिन्याला २.९९ डॉलर होती. पाटी विकत घेतल्यावर पुन्हा भाडं भरायचं, हे मला पटलेलं नाही.

आणि मराठी लिहिणाऱ्याला लागणारी एक गोष्ट. हाताने लिहिलेला मजकूर ओळखून छापील अक्षरांत बदलायची सोय तिच्यात आहे. ती ज्या भाषांसाठी आहे त्यांत मराठी नाही. तुमची देवनागरी ती चित्र म्हणून जपून ठेवेल, हुबेहूब, तुमच्या वळणासकट. पण त्यातला शब्द शोधून द्या म्हटलं तर तिला वाचता येणार नाही. धुळीवर अक्षर गिरवायची परंपरा असलेल्या भाषेला नवी धूळपाटी ओळखत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही उणीव धुळीची नाही, ती संगणकाच्या आज्ञावलीची आहे, आणि मनावर घेतलं तर भरून काढता येईल. मराठी वापरणाऱ्यांनी ही सोय कंपनीकडे मागितली पाहिजे.

शिकणाऱ्या मुलासाठी एकच यंत्र घ्यायचं असेल तर ही पाटी घेऊ नका. त्याला व्हिडिओ लागतील, वर्ग लागतील, चमकते रंग लागतील. ज्यांचं काम कागदांच्या गठ्ठ्यांवर चालतं, जे हाताने लिहून विचार करतात आणि ज्यांच्याकडे दुसरा संगणक आहे, अशा वकिलाला, संपादकाला, संशोधकाला तिची किंमत वसूल होईल.

बाकीच्यांनी खर्च न करता एवढं करावं. ओळखीत कुणाकडे साधा काळा-पांढरा ई-वाचक असेल तर तो मागून घ्या, दुपारच्या उन्हात धरा आणि पानं उलटत राहा. मध्येच एखाद्या पानाला पडदा क्षणभर सगळा काळा होऊन पुन्हा उजळेल. त्या क्षणी काचेखाली लाखो ठिपक्यांतली धूळ खाली-वर झटकली जात असते, पाटी पुन्हा कोरी करण्यासाठी.