फोन हाती आहे, माहितीही हाती यावी

विरारच्या पश्चिमेस वसलेले नंदाखाल हे बागायती परंपरेचे गाव. अशा गावांतील स्त्रीला घरातील प्रत्येकाच्या औषधाची वेळ पाठ असते. स्वतःचे दुखणे मात्र ती पुढे ढकलत राहते. गर्भाशयमुख, गर्भाशय वा अंडाशयाच्या कर्करोगाविषयी तर संकोच अधिकच आड येतो. 'हे विचारायचे कोणाला?' या प्रश्नातच मोलाचे महिने निघून जातात.

वास्तविक गर्भाशयमुखाचा कर्करोग पुरेशी मुदत देतो. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकल्यास पेशींत बदल होतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. या काळात तपासणी झाली, तर रोग रोखता येतो.

महाराष्ट्राने याचे पुरावे जगाला दिले आहेत. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी माहिती देत व अॅसेटिक आम्ल लावून साध्या डोळ्यांनी तपासणी करीत. बारा वर्षांनंतर या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. तुलनेच्या गटाला केवळ एकदा माहिती मिळाली होती. तात्पर्य, माहिती तपासणीच्या दारापर्यंत पोहोचवणारी असावी. तिथेच थांबणारी नसावी.

येथे मोबाइल उपयोगी पडतो. मुंबईच्या 'आरमान' संस्थेची 'एममित्र' सेवा गरोदर स्त्रियांना व नवमातांना त्यांच्या भाषेत, त्यांनी निवडलेल्या वेळी ध्वनिसंदेश पाठवते. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही तो समजतो. हीच पद्धत कर्करोगाबाबतही अवलंबता येईल: तपासणीची तारीख, अहवाल आणण्याची आठवण, पुढे कोठे जायचे याची दिशा.

उपचारकाळात तर ही सोबत अमोल ठरेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचार साधारणपणे पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. नंदाखालहून परळपर्यंतचा प्रवास, रेल्वेची गर्दी, थकवा, जुलाब, लघवीची जळजळ. अशा वेळी 'हे अपेक्षित आहे, हे धोक्याचे आहे' एवढे सांगणारा आवाजही धीर देतो. केमोथेरपी चालू असताना ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हा एक संदेश प्राण वाचवू शकतो. उपचारांनंतर पायांवर येणारी सूज, दांपत्यजीवनातील अडचणी, रोग परतण्याची भीती यांविषयीही फोनवरून निःसंकोच विचारता यावे.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. अनेक घरांत फोन पती वा मुलाच्या हाती असतो. म्हणून कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी, किती स्पष्ट बोलायचे, हे त्या स्त्रीनेच ठरवावे. तसेच फोन हा डॉक्टरांचा पर्याय नव्हे.

तोवर कुटुंबांनी एवढे करावे. तीस वर्षांपुढील स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. पाळी थांबल्यानंतर एकदाही रक्तस्राव झाल्यास, संबंधांनंतर रक्त गेल्यास, दुर्गंधीयुक्त स्राव वा काही आठवडे टिकणारी पोटफुगी असल्यास विलंब करू नये. आईच्या फोनमध्ये नातवंडांची छायाचित्रे असतातच. तिच्या तपासणीची तारीखही त्यात नोंदलेली असावी आणि त्या दिवशी तिच्यासोबत घरातील कोणीतरी जावे.