पेये आणि लहान आतड्यातील पेशी

कोणत्याही पेयातील पाणी, शर्करा व क्षार लहान आतड्याच्या अंतःस्तरातील पेशींचा थर ओलांडून रक्तात पोहोचतात. या पेशींवर पेयाचा काय परिणाम होईल, हे मुख्यतः त्यात कोणते पदार्थ किती प्रमाणात विरघळले आहेत यावर ठरते. त्यामुळेच अतिसारात एक पेय प्राण वाचवते, तर दुसरे शरीरातील पाणी आणखी कमी करू शकते.

रचना

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांवर पेशींचा एकच थर असून त्यातील बहुतेक पेशी शोषणाचे कार्य करतात. त्या साधारणतः ३ ते ५ दिवसांत झडतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. शेजारच्या पेशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असल्याने जीवाणू व विषारी द्रव्ये सहजासहजी रक्तात शिरत नाहीत.

मीठ-साखरेचे द्रावण

पेशीच्या आवरणातील एक वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेते व त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. सोडियम व ग्लुकोज यांच्या सहवहनाची ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. पटकीच्या विषामुळे पेशींमधून क्षार व पाणी आतड्याच्या पोकळीत वाहू लागतात. परंतु हे वाहक प्रथिन कार्यरत राहते. जलसंजीवनी याच मार्गाचा उपयोग करते.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार १ लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते; शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सोडियम सायट्रेटही असतात.

गोड शीतपेये

अनेक शीतपेयांत लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर असते, सोडियम मात्र अत्यल्प असते. असे द्रावण रक्तापेक्षा अधिक संहत असल्याने परासरणामुळे पाणी शरीरातून आतड्याच्या पोकळीत ओढले जाते. म्हणून अतिसारात ही पेये जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाहीत. उलट जुलाब वाढवू शकतात.

दूध व ताक

दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचविणारे लॅक्टेज हे विकर याच पेशींच्या पृष्ठभागावर असते. अनेकांमध्ये बालपणानंतर ते कमी होते. न पचलेले लॅक्टोज पाणी धरून ठेवते आणि मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यापासून वायू तयार करतात. दही विरजताना काही लॅक्टोजचे लॅक्टिक आम्लात रूपांतर होते. त्यामुळे दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते.

चहा व कॉफी

या पेयांतील पॉलिफेनॉल द्रव्ये धान्य व भाज्यांमधील लोहाशी बद्ध होतात व ते लोह पेशींना शोषता येत नाही. जेवणासोबत चहा घेतल्यास हा परिणाम अधिक जाणवतो. लिंबातील क जीवनसत्त्व याउलट लोहाच्या शोषणास साहाय्य करते.

मद्य

अल्कोहोल व त्यापासून बनणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशींमधील सांधे शिथिल करतात. अतिमद्यपानात जीवाणूंची विषद्रव्ये त्या वाटेने रक्तात शिरून यकृतापर्यंत पोहोचतात व तेथील दाह वाढवितात.