संमिश्र भूमि-उपयोग आणि निवासाचा प्रश्न : गिरणगावाचा दाखला

एकाच इमारतीत अथवा एकाच आवारात घरे, दुकाने आणि कचेऱ्या यांची सोय करणे यास संमिश्र भूमि-उपयोग म्हणता येईल. राहुरीसारख्या बाजारपेठेच्या गावास ही कल्पना अपरिचित नाही. खाली दुकान व वर बिऱ्हाड ही आपल्याकडील पेठांची जुनी रीतच आहे. जेथे भूमीची टंचाई तीव्र असते अशा महानगरात मात्र हीच रीत मोठ्या भांडवलाच्या बळावर अवतरते. तिच्या समर्थनार्थ दोन कारणे सांगितली जातात : थोड्या जागेत अनेक गरजा भागतात, आणि घर व काम यांतील अंतर कमी होते. यांपैकी दुसरे कारण कितपत खरे ठरते, हे मुंबईच्या गिरणगावावरून तपासून पाहता येते.

१८५४ साली मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला गेल्यानंतर लालबाग, परळ, वरळी या भागांत गिरण्यांभोवती चाळी, दुकाने आणि खाणावळी उभ्या राहिल्या. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची होती. राहणी दाटीची व कष्टाची होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि, भोंगा झाल्यावर कामगार पायी गिरणीत पोचू शकत असे. निवास, उद्योग व बाजार यांचा संयोग येथे झाला होता, आणि त्यातील निवास कामगाराच्या वेतनास परवडणारा होता.

जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर भूमीचे काय करावे, हा प्रश्न उद्भवला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन भाग कल्पिले : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, आणि एक मालकास. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ मूळच्या मोकळ्या जागेपुरती मर्यादित झाली. जुन्या इमारती पाडून रिकामी होणारी भूमी तीतून वगळली गेली. गिरण्यांच्या आवारात बांधकामच अधिक असल्याने सार्वजनिक वाटा फारच आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली.

त्यानंतर लोअर परळ परिसरात संमिश्र संकुलांची वाढ वेगाने झाली. फिनिक्स मिलच्या आवारात बाजारसंकुल, हॉटेल व निवासी मनोरे आले. इतरत्र कचेऱ्या आल्या. उपयोगांचे मिश्रण पूर्ण झाले, पण रहिवासी एका उत्पन्नगटाचे आणि काम करणारे दुसऱ्या, असे विभाजन घडले. दुकानातील विक्रेता व कचेरीतील लिपिक यांस तेथील घर परवडत नाही. ते विरार, कल्याण, डोंबिवलीहून आगगाडीने येतात. अंतर घटण्याऐवजी वाढले, आणि गिरण्यांच्या काळातील स्थानकांवर तो भार पडला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. पाऊस हे निमित्त होते. वर्षानुवर्षे वाढलेली गर्दी हे मूळ कारण होते.

यावरून निष्पन्न होते ते असे की, उपयोगांच्या मिश्रणाने प्रवास आपोआप घटत नाही. त्या जागी काम करणाऱ्यास तेथे राहणे परवडले तरच तो घटतो. ही अट बाजारभाव स्वतःहून पुरी करीत नाही, यास्तव तिची तरतूद भूमीचा उपयोग बदलण्याची परवानगी देतानाच करावी लागते. राहुरी परिसरात टंचाई वेगळ्या प्रकारची आहे : मुळा धरणाच्या कालव्यांनी भिजणारी जमीन नगर-मनमाड रस्त्यालगत बिगरशेती होते, आणि तेथेही खाली गाळे, वर सदनिका अशी बांधणी होते. एकदा बांधकामाखाली गेलेली बागायत परत मिळत नाही. त्या सदनिकांत कोण राहणार, हा प्रश्न म्हणूनच येथेही परवानगीच्या आधीच विचारला जाणे अगत्याचे आहे.