मध्यरात्रीची घंटा आणि जिल्हा बोर्ड

तंजावरहून उत्तरेला तिरुवैयारूकडे निघालं की वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. संपादकांनी मला पाठवलं होतं ते कर्नाटक संगीतातले संत-संगीतकार त्यागराज यांच्या समाधीवर लिहायला. पौष वद्य पंचमीच्या आराधनेबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे आणि पुढेही लिहिलं जाईल. मी रेंगाळलो ते कावेरीच्या त्याच काठावरच्या एका कॉलेजापाशी.

गावात त्याला ‘अरसर कल्लूरी’ म्हणतात, म्हणजे राजाचं कॉलेज. संस्कृत पाठशाळा म्हणून ते १८८१ मध्ये सुरू झालं. पण १८८१ मध्ये तंजावरला राजा होता कुठे? तिथले भोसले राजे दुसरे शिवाजी १८५५ मध्ये वारले, पुत्र नव्हता, आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. गादी संपल्यावर पाव शतकानं राजाच्या नावाची शाळा उभी राहिली ती छत्रांच्या पैशातून. या छत्रांनीच मला धरून ठेवलं.

तंजावरच्या भोसल्यांची छत्रं म्हणजे रामेश्वराच्या वाटेवरची अन्नछत्रं आणि धर्मशाळा. राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावानं ती बांधली गेली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र आणि नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र ही त्यांतली ठळक नावं. प्रत्येकाला जमिनी तोडून दिलेल्या होत्या आणि त्यांच्या उत्पन्नावर स्वयंपाकघर चालायचं. कंपनीशी झालेल्या १७९९ च्या तहानं राजे दुसरे सरफोजी यांच्या हातात किल्ल्यापलीकडे फारसं काही उरलं नाही. तरी १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून या छत्रांना धक्का लावू नका अशी विनवणी केली. या धर्मादायाचा मला ठाऊक असलेला सगळ्यात तपशीलवार हिशोब त्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत, जोगी-जंगमांपासून बैराग्यांपर्यंत येईल त्या वाटसरूला भात मिळे. आजारी पडला तर वैद्य आणि पथ्याचं जेवण. बाळंतिणीची देखभाल, तान्ह्यांना दूध. वाटेत आईबाप गेले तर पोरक्या मुलांना तिथेच वाढवून शिकवायचं. आणि मध्यरात्री घंटा वाजवायची, म्हणजे प्रवासाच्या थकव्यानं झोपी गेलेला कुणी उपाशी राहिला असेल तर त्यानं उठून जेवून घ्यावं.

ही घंटा माझ्या मनातून जात नाही. दान करणारे राजे पुष्कळ झाले. पण रात्री बारा वाजता स्वयंपाकी जागा ठेवायचा, त्याचा पगार हिशोबात धरायचा, उपाशी माणूस स्वतः मागायला येणार नाही हे ओळखून त्याला हाक मारायची, हे उत्तम कारभाराचं लक्षण आहे. जमीन, खंड, कोठार, आचारी, वैद्य आणि पंतोजी यांची साखळी कुठेही तुटली की घंटा मुकी होणार.

राज्य गेलं तरी साखळी तुटली नाही, आणि हे श्रेय एका कोरड्या वाटणाऱ्या संस्थेचं, जिल्हा बोर्डाचं आहे. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याबद्दलच्या १८८२ च्या ठरावामागोमाग मद्रास इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्ड कायदा आला. इंग्लंडात काउंटी कौन्सिलं स्थापन करणारा कायदा १८८८ चा, म्हणजे इथल्याहून चार वर्षं नंतरचा. अर्थात इथल्या बोर्डावर कलेक्टरचाच वरचष्मा असे. पण रस्ते, दवाखाने आणि शाळा पाहणाऱ्या तंजावरच्या बोर्डाकडे भोसल्यांची छत्रंही होती. मराठा राणीच्या नावची जमीन, तिचं तमिळ कूळ आणि इंग्रजी कायद्याखालचा अध्यक्ष एकाच खातेवहीत आले.

या अध्यक्षांपैकी ए. टी. पन्नीरसेल्वम यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचे हे बॅरिस्टर १९२४ ते १९३० तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. तिरुवैयारूचं कॉलेज तोवर संस्कृताचंच होतं. राजांच्या धर्मादायावर एकट्या संस्कृताचा हक्क नाही अशी भूमिका घेऊन त्यांनी तिथे तमिळचा ‘विद्वान’ अभ्यासक्रम सुरू करवला. ओरत्तनाडू आणि राजामडम इथल्या छत्रांच्या वसतिगृहांची दारं ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांना उघडली. सरफोजींच्या पत्रातली पंगत सगळ्यांची होती, पण ती पंगत शाळेपर्यंत पोचवायला शंभरावर वर्षं आणि एक निवडणुकीच्या राजकारणातला माणूस लागला. भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून लंडनला निघालेले पन्नीरसेल्वम १ मार्च १९४० ला ‘हॅनिबल’ विमानासह ओमानच्या आखातावर बेपत्ता झाले.

पुढची हकीगत तितकी सुखाची नाही. १९५८ च्या मद्रास पंचायत कायद्यानंतर जुनी जिल्हा बोर्डं मोडली आणि पंचायत युनियन आल्या. महाराष्ट्रानं १९६२ पासून जिल्हा परिषदेला शाळा आणि दवाखाने सोपवले, तसं तिथे झालं नाही. छत्रांचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि आजही त्यासाठी स्वतंत्र तहसीलदार असतो. १९९४ च्या कायद्यानं जिल्हा पंचायत पुन्हा आली, छत्रं मात्र कचेरीतच राहिली. मला काळजी वाटते ती इथे. अधिकारी प्रामाणिक असेल, पण तो बदलून जातो. कुळाकडून येणारा जुना खंड आजच्या भावानं वाढवायचा, अतिक्रमण हटवायचं, गळकं छप्पर शाकारायचं, यासाठी भांडणारा सभासद कुठे आहे? ओरत्तनाडूचं छत्र पाहिलं की हे पटतं. हत्ती-घोड्यांनी ओढलेल्या रथाच्या आकाराचा दगडी मंडप अजून डौलदार आहे, आणि मागची वास्तू अनेक वर्षं पडझडीला लागलेली.

खुद्द तिरुवैयारूच्या नागरी कारभारालाही हे पोरकेपण ठाऊक आहे. तमिळनाडूतल्या शहरी संस्थांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली आणि निवडणुका झाल्या थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधली पाच वर्षं गटार तुंबलं, दिवा गेला, तर नगरसेवकाचं दार नव्हतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. मुंबई-पुण्याच्या महापालिकांनीही २०२२ पासून प्रशासकाचा दीर्घ अंमल पाहिला. आमच्याकडे त्याबद्दल पुरेसा राग नाही, याचं मला वाईट वाटतं.

छत्रांची दुसरी अडचण कागदांची आहे. तंजावर दरबाराचे हिशोब मोडी लिपीत आहेत. त्यांचा काही भाग सरस्वती महाल ग्रंथालयात आहे, काही तंजावरच्या तमिळ विद्यापीठात. के. एम. वेंकटरामय्या यांनी या कागदांवरून मराठा राजवटीच्या कारभाराचं आणि समाजजीवनाचं चित्र तमिळमध्ये मांडलं, विद्यापीठानं ते १९८४ मध्ये छापलं. दानाची जमीन किती, उत्पन्न कशासाठी, याचं मूळ उत्तर अशाच कागदांत सापडतं. अतिक्रमणाच्या दाव्यात तेच कामाला येऊ शकतं. पण मोडी वाचणाऱ्याला सहसा तमिळ येत नाही, आणि तमिळ येणाऱ्याला मोडी. महाराष्ट्राचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग चालवतं, त्यांतून दरसाल नवे वाचक तयार होतात. त्यांतल्या चार-दोघांना वर्षभराची शिष्यवृत्ती देऊन तंजावरला पाठवावं, तिथल्या तमिळ अभ्यासकांबरोबर बसवून छत्रांचे कागद आधी लावून घ्यावेत. सुरुवात ओरत्तनाडूपासून करावी, कारण तिथली इमारत फार काळ वाट पाहू शकणार नाही.